उत्क्रांती म्हणजे काय, आबा

आबा, रात्रभर डोळा लागला नाही. कालपासून बाळाचा डावा पाय उजव्यासारखा हलत नाही. तळव्याला गुदगुल्या करत बसले होते. तुम्ही गेल्यावर झाला हा, म्हणून सांगते. तुमच्या नातवाला माकडहाडापाशी बोटाएवढं शेपूट आहे. कोथरूडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उत्क्रांतीत मागं राहिलेली खूण आहे. आईच्या पोटात सगळ्यांनाच असतं, मग जिरतं. याचं राहिलं. पण आत मणक्यातली शीर ओढली जात असेल तर पाय जातील. उशीर करू नका." मी विचारलं, उत्क्रांती म्हणजे काय? तर म्हणाल्या, "शाळेत होतं की."

होतं. दादाच्या पुस्तकात होतं. माकडापासून माणसापर्यंत रांगेतलं चित्र. मी पोळ्या सोडून ते बघतेय आणि तुम्ही माझ्या हातातून पुस्तक ओढताय. "माकडाची माणसं वाचून पोळी गोल होणार हाय का?" त्याच जूनला माझी शाळा बंद. दादा शिकला. मला कात्रजकडच्या या बंगल्यात दिलंत, जमीनवाले म्हणून.

इथं नवरा बारावी झालेला. तोच शब्द त्यानं घरी आणून सासूबाईंना समजावला. "आई, सायन्सपण तेच म्हणतंय. माणूस आधी वानरच." सासूबाई म्हणाल्या, "मी काय येगळं सांगत हुते? मारुतीराया हाय त्यो. सुरी लावशील तर हात झडतील तुझं." आता दर शनिवारी ओसरीत रांग लागते. पोराच्या गळ्यात रुईची माळ, शेपटाला तेल. चोळून चोळून कातडी सोलली. शेजारीण म्हणते, "नशीबवान गं, देव पोटी आला." मी म्हटलं, "मग तुझ्या पोटी घे." त्या दिवशी माझा फोन काढून घेतला, आणि बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही म्हणाले. तुम्ही असता तर काय केलं असतंत, मला माहीत आहे. चपला बाहेर काढून रांगेत उभे राहिला असता.

हे तुम्हाला पोचायचं नाही. आणि खरं सांगायचं तर तो शब्द मला अजूनही नीट कळलेला नाही. पाय हलत नाही, तेवढं कळतं. उद्या शनिवार. प्रसादाच्या खोबऱ्याच्या पुड्या मलाच बांधायच्या आहेत. एक पुडी याच कागदात बांधते. जो कुणी ती घरी नेऊन उघडेल, त्यानं मागं लिहिलेल्या नंबरवर माझ्या भावाला फोन करावा. म्हणावं, गाडी घेऊन ये. बहिणीला माहेरपणाला न्यायला नाही, भाच्याला दवाखान्यात न्यायला.