गेटवेच्या आधी मोहिनीकडे

सूनबाई हर्षाली,

मागच्या मुंबईच्या सहलीनंतर माझ्या बहिणीचं, मोहिनीचं पत्र आलं होतं. "दादा, तुमची जीप माझ्या दारावरून गेली. गेटवे माझ्यापेक्षा जवळचा झाला व्हय?" त्याला मी आजवर उत्तर दिलं नव्हतं.

सुभाष म्हणतो, "आत्याकडं चहा म्हटलं की जेवण, अन् जेवण म्हटलं की मुक्काम. मग पोरांनी गेटवे बघायचा कवा, अण्णा?" तेही खोटं नाही. मी सकाळी त्याच्या बाजूचा असतो, संध्याकाळी मोहिनीच्या. आत्ताही बरोबर करतोय की घोळ घालतोय, सांगता येत नाही.

येत्या रविवारी पुन्हा मुंबईला निघताना जीपमध्ये तळेघरच्या तांदळाची पिशवी आठवणीनं ठेव. रिकाम्या हाती जायला नको. सुभाषला तूच सांग, मला त्याच्यासमोर बोलायला जमायचं नाही. त्याचा राग उतरेपर्यंत मी मंचरच्या वाचनालयात बसतो. माझी भाकरी झाकून ठेव.

उत्तर आत्ताच पोस्टाच्या पेटीत टाकून आलो: "मोहिनी, रविवारी आम्ही सगळे तुझ्याकडे जेवायला येतो. मुक्कामाचा आग्रह धरू नकोस. धरलासच, तर राहू."

— अण्णा