फोनवरचा अबोला

प्रिय बडबडे,

पाकीट उलटसुलट करून पाहशील, हे खरंच बाबांचं का म्हणून. माझंच आहे. अक्षर बघ, कोंबडीचे पाय अजून तसेच आहेत.

बातमी अशी की माझ्या हृदयाची एक झडप बिघडलीय. दोन जिने चढलो की धाप लागते. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले आणि शेवटी माझ्याच झडपेवर चुना बसला! डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. त्यांना वाटलं, म्हातारा घाबरून हसतोय. तेही खरंच म्हणा. छाती उघडणार नाहीत, जांघेतून नळी सारून नवी झडप आत बसवणार. मी धंद्यातला प्रश्न विचारला, जुना चुना सुटला तर जाईल कुठे? नळ बदलताना खपली निघते आणि पुढच्या तोटीत जाऊन बसते, हे मला कुणी शिकवायला नको. बाई म्हणाल्या, बरोबर ओळखलंत, ती मेंदूत जाऊन अडकू शकते. मग हात लुळा पडतो, नाहीतर वाचा जाते. वय, साखर, ठोके, चुना असं सगळं संगणकात भरून त्यांनी धोक्याचा आकडा काढला: शंभरात तीन.

त्यातच एक प्रश्न होता, पूर्वी कधी तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं, असं काही? मी नाही म्हणालो. धडधडीत खोटं. खाली 'सोबत कोण येणार' असा रकाना होता, तो कोराच ठेवला. घरी येऊन दोन दिवस टीव्हीशी भांडत बसलो.

तुझी आई होती तोवर आपल्या अबोल्यालाही मजा होती. माझा नळाचा पान्हा हरवलास म्हणून मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. 'सांग तिला', 'सांग त्यांना' करत आपण समोरासमोर जेवायला बसायचो, आणि ती बिचारी मधे निरोप्या. ती गेली, तू लांब गेलीस. आता अबोला धरायचा तरी कुणाशी? फार एकटं वाटतं गं. कधी लिहिलं नाही, आज लिहितो.

काल पुन्हा गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. डोक्याचा फोटो काढला, त्यात एक बारीक डाग निघाला, पण नुसत्या त्यावरून ठाम सांगता येईना. असं झालं असेल तर आकडा वाढतो म्हणे, आणि मानेकडे जाणाऱ्या नळ्यांत खपल्या अडवायला जाळी लावायची का, हे त्यांना ठरवायचंय. किती वेळ बोलता येत नव्हतं, विचारलं. मी काही घड्याळ पाहिलं नव्हतं. मग समोर कोण होतं, विचारलं. समोर कुणी नव्हतं, फोनवर मुलगी होती, म्हणालो.

हो, तोच फोन. दोन वर्षांपूर्वीचा. मी इथेच लग्न करतेय बाबा, तुम्ही याल ना, असं तू विचारलंस आणि मी गप्प. तू पुन्हा पुन्हा विचारलंस, रडलीस, शेवटी म्हणालीस, धरा अबोला, आता मीही धरते. अगं, मी अबोला धरला नव्हता. जीभच हलत नव्हती. पुन्हा बोलता कधी यायला लागलं तेही कळलं नाही, घरात बोलायला कुणी असेल तर ना! नंतर तू फोन उचलेनास, आणि अबोल्याचा माझा जन्माचा लौकिक असा की खरं सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार, म्हणून मीही लिहिलं नाही. चुकलंच माझं. आता एवढं कर. तू किती वेळ फोन धरून होतीस, माझा काही चमत्कारिक आवाज आला का, आठवून डॉक्टरीणबाईंना कळव. नंबर मागे लिहिलाय. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण त्या झडपेपायी माझी वाचा गेलीच, तर तुला द्यायचं उत्तर राहून जायला नको. त्या दिवशी मला 'येतो' म्हणायचं होतं.

तुझाच मुखदुर्बळ
बाबा