मागे ओढलेली वात

२३ ऑक्टोबर १९७४, बुधवार

भाऊजींचा खून झाला. लिहिलं तरी खरं वाटत नाही!

काल सातवी माळ. संध्याकाळी दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळात भोंडला होता. भाऊजींना पडसं झालेलं, म्हणून ते घरी राहिले. नाहीतरी घट बसलेले असताना घर रिकामं टाकत नाहीत, अखंड दिव्यापाशी कुणीतरी लागतंच. मी ऑफिसातून परस्पर मंडळात गेले. ताई खिरापतीचा डबा घेऊन उशिरा आली. तिचा मुलगा अविनाश तर सगळं आटोपल्यावर, आम्हाला घरी न्यायला. तिघं मिळून परतलो. दार नुसतं लोटलेलं. ताई उंबऱ्यातच थबकली – "अवि, तू बघ आधी." आत भाऊजी पलंगाखाली पडलेले, डोकं – नको. कपाट सताड उघडं, कपडे खोलीभर.

इन्स्पेक्टरने ताईला विचारलं, अविला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, दूधवाल्यालासुद्धा विचारलं. मला – "आप?" म्हटलं, "साली हूँ उनकी, यहीं रहती हूँ." "अच्छा अच्छा. बहनजी, जरा चाय हो जाए." आणि मी चहा केला! आलं घालून.

२४ ऑक्टोबर

वरच्या बरसातीतल्या, म्हणजे गच्चीवरच्या खोलीतल्या भाडेकरू सुरिंदरला पोलिसांनी नेलं. बरसाती रिकामी करण्यावरून त्याचं नि भाऊजींचं वाजलं होतं, आणि त्या संध्याकाळी तो घरी होता. झालं, तेवढं पुरलं. त्याची आई, अख्ख्या गल्लीची बीजी, जिन्यात बसून मला एकच म्हणत होती – "मेरा पुत्तर मक्खी नहीं मारता, चंदा." मी पाणी दिलं. घेतलं नाही तिने.

२५ ऑक्टोबर, दसरा

सोनं नाही, तोरण नाही. घरात सुतक.

दिवसभर डोक्यात एकच गोष्ट घोळतेय – दिवा. त्या रात्री ताईला भोवळ आली म्हणून मी पाणी आणायला धावले, तेव्हा देवघरावरून गेले. समई विझलेली. तेव्हा वाटलं, विझली असेल. पण आता डोळे मिटले की स्पष्ट दिसतं. तेल काठोकाठ होतं. आणि वात समईच्या चोचीत नव्हतीच! मागे ओढलेली, तेलात पूर्ण बुडालेली.

वाऱ्याने विझलेली वात अशी आत जाऊन बसेल?

२६ ऑक्टोबर

प्रयोग केला. खोलीचं दार लावून, निरांजन पेटवून पंखा सोडला. मला सुतक नाही तसं, पण आई असती तर पाठीत धपाटा बसला असता! दिवा विझला. वात होती तिथेच, काळी टोकदार, जागची हलली नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

म्हणजे हाताने ओढलेली. चोराने? चोराला अंधार हवा असेल तर तो आधी विजेचा दिवा घालवेल. देवघरातला बल्ब तर लखलखत होता, मी पाहिलाय! आणि सुरिंदर असता तर फुंकर मारून मोकळा झाला असता. आपल्याकडे देवाचा दिवा फुंकत नाहीत. वात मागे घेऊन शांत करतात. हे त्याला कुठलं माहीत?

फार हुशारी वाटतेय आज स्वतःची. बरं नाही हे. घरात माणूस गेलंय.

२८ ऑक्टोबर

ठाण्यात जाऊन आले. इन्स्पेक्टरने ऐकून घेतलं, अगदी आदराने. "बहनजी, दीया हवा से बुझ गया होगा." वात, म्हटलं, वात! "हाँ हाँ, बत्ती." मग फोन वाजला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाच्या बाजूने बोलणारी साक्षीदार बाकावर बसलेली!

बाहेर पडताना सुरिंदर दिसला. ओठ फुटलाय त्याचा. मला बघून हात जोडले.

२९ ऑक्टोबर

पुढचा विचार करायला मन धजत नव्हतं. आज केला.

दिवा आपल्यापैकीच कुणीतरी शांत केला. अखंड दिवा आपण कधी शांत करतो? नऊ दिवस तळहाताच्या फोडासारखा जपतो त्याला. एकच कारण. घरात मृत्यू झाला, सुतक आलं, देवपूजा थांबली. म्हणजे ज्याने वात ओढली त्याला माहीत होतं – आम्ही तिघं दारात येण्याच्या आधीच माहीत होतं!

घरात राहिलं कोण? ताई, अवि, मी.

अवि.

पानिपतच्या हातमागवाल्याची मुलगी त्याला करायची आहे. भाऊजींनी 'मेल्यावर कर' म्हणून ताट भिरकावलं होतं. आणि तो मंडळात सर्वांत उशिरा आला. ऑफिसात उशीर झाला म्हणाला. मी त्याला लहानाचा मोठा केलाय, आंघोळी घातल्यात.

१ नोव्हेंबर

अविच्या ऑफिसात फोन केला, मुलगी म्हणून आवाज बदलून! (या वयात!) त्या दिवशी तो सुट्टीवर होता.

संध्याकाळी सरळ त्यालाच धरला. आधी चिडला – "मावशी, यू आर टू मच यार!" मग रडला. पानिपतला गेला होता, मुलीच्या घरी. बस पंक्चर झाली म्हणून उशीर. मुलीच्या वडिलांनीच बसमध्ये बसवून दिलं होतं. "पप्पांच्या डेथच्या दिवशी मी तिथे जेवत होतो मावशी, हे आईला कसं सांगू?"

विश्वास ठेवावासा वाटतो. पण वाटणं म्हणजे पुरावा नाही.

५ नोव्हेंबर

परवा तेरावं झालं. घरात देवाचा दिवा पुन्हा लागला.

आज दिवेलागणीला वीज गेली. ताई, अवि, मी पुढच्या खोलीत, मध्ये निरांजन. वीज आली. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, म्हटलं, "अवि, तेवढा दिवा शांत कर रे."

तो वाकला आणि – फू! वाढदिवसाचा केक असावा तसा. दिल्लीत वाढलेलं पोर! मला हसू फुटलं, इतकं हलकं वाटलं. सुटला माझा मुलगा! याला ठाऊकच नाही.

वात अजून धुमसत होती. "अरे, फुंकतात का!" ताई म्हणाली. तिने पुढे होऊन बोटाने वात अलगद मागे घेतली, तेलात बुडवली, बोट पदराला पुसलं.

मी हसत होते ती थांबले.

६ नोव्हेंबर

ऑफिसला गेले नाही.

मंडळात ती उशिरा आली होती. खिरापत गोड झाली होती. फेरात सगळ्यांत मोठ्याने गात होती. मला कौतुक वाटलं होतं तिचं.

भाऊजींचा हात सुटायचा. आम्ही सगळे त्याला 'स्वभाव' म्हणायचो. अण्णासाहेब म्हणजे देवमाणूस, असं त्यांचं ऑफिस म्हणायचं, आणि मी शेजारच्या खोलीत ट्रान्झिस्टर मोठा करायचे. ताईने कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही मानलं की तक्रार नाही. संताप येतोय. तिच्यावर नाही.

पण बीजी खाली येते, सकाळी दाराशी उभी राहते, काही मागत नाही. तिच्या मुलाचं काय? तो तिकडे सडणार, आणि इकडे मी गुपचूप कुकर लावणार?

आता यात जिज्ञासा उरलेली नाही. उत्तर हातात आहे, आणि ते नको होतं.

७ नोव्हेंबर

दुपारी भाजी निवडताना बोलले. सगळं बोलले – तेल, वात, बल्ब, सुतक. ताईने मान वर केली नाही. मेथी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली, मग म्हणाली, "तो वरचा पोरगा सुटला पाहिजे. चल, तू बरोबर ये."

स्कूटररिक्षात दोघी शेजारी बसलो. ती रस्त्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दिवा तेवढा तसाच ठेवला असतास, तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. ते गेल्यावर त्या गडबडीतही तुला सुतक आठवलं?"

"सुतक कसलं गं," ताई म्हणाली. "दिवा मी आधी शांत केला. तेव्हा ते झोपले होते. देवीसमोर कसं करायचं?"