दिवाळसणाची हातोडी

बाबा, आपल्या गवत कापायच्या मशीनची दांडी वाकली होती, नळीच्या आत फिरते ती. काल तुमच्या जावयांनी ती सरळ केली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरून मला ह्या माणसाचा हेवा वाटतो. स्वतःच्या नवऱ्यावर जळणारी बाई सगळ्या जबलपुरात मी एकटीच असेन.

आमचा दिवाळसण आठवतो ना? आईनं ताटात जावयासाठी अंगठी ठेवली होती. तुम्ही तिच्या शेजारी तुमची चिंचेच्या लाकडाची हातोडी ठेवलीत. सगळे हसले, मीही हसले. घमापुरातल्या तुमच्या दुकानात शाळा सुटली की मी येऊन बसायची. पंप यायचे, मशिनी यायच्या. ती हातोडी पुसून ठेवायचं काम माझं, पण मारायचं कधीच नाही. जरा जवळ सरकले की तुम्ही म्हणायचात, "काहून आली इथं? हात काळे होतील. जा, चहा सांग." आणि ज्या जावयाला सणाला कोणी पाटावरून उठू देत नाही, त्याला तुम्ही दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या फरशीवर बसवलंत. जाड काचेवर एक वाकलेली दांडी ठेवून तुम्ही ती हळूहळू लोळवताय. "जावईबापू, डोळे मिटा. बघू नका, ऐका. कुठं ठोकून राहिली?" ते डोळे मिटतात. मी चहाचे कप घेऊन दाराशी उभी. बाक काचेला लागतो तिथली ती बारीक टक मला त्यांच्या आधी ऐकू येते, पण मला विचारतंय कोण?

परवा मी एकटीच मागच्या अंगणात बसले. मशीन दगडावर आपटली असं घरात सांगितलं होतं. काच मांडली, दांडी लोळवली, टक कुठं होते ते बरोबर कळलं. खडूनं खूण केली, दोन लाकडांवर दांडी टेकवली आणि तुमच्या त्याच हातोडीनं ठोकली. रागानंच ठोकली असणार, कारण एक बाक होता त्याचे दोन झाले.

काल सकाळी ह्यांनी ते पाहिलं. "इतक्या जोरानं काहून मारलं? बाबा तर टिचकी मारल्यासारखे मारायचे."

म्हणजे तुम्ही कसे होतात ते आता हे मला सांगणार. मी म्हटलं, "बाप माझे होते ते."

त्यांनी दांडी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "अच्छा, चलो, तू काच धर."

आणि खाली बसले. उजवा पाय दुमडून, डावा लांब सोडून, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. हलकेच हातोडी, पुन्हा लोळवणं, पुन्हा हातोडी. शेवटी दांडी काचेवरून आवाज न करता गेली. ते हात धुवायला उठले, तरी मी काच धरून तशीच बसले होते.

हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहिते. मशीन दगडावर आपटली नव्हती. मी दांडी नळीतून काढली तेव्हा ती सरळ होती. मागच्या पायरीच्या फटीत घालून मीच वाकवली. शिकायचंय म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला तुम्हाला पुन्हा तसं बसलेलं बघायचं होतं, बाबा, आणि तुमचं ते बसणं आता फक्त त्यांच्याकडे आहे.