सात नंबर शांत

ती. विजयमालाआत्या,

पायावर डोकं (लांबूनच, जवळ आलो की कान धरता). गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? दार उघडं टाकून वाचत असाल तर तसंच राहू द्या.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की "आता काय केलंस?" म्हणून तुम्ही कट करता. शपथ, ह्या वेळी थाप नाही.

आप्पांना कात्रजच्या केअर सेंटरात ठेवलंय ना, तिथे काल दुपारी गेलो. आप्पा म्हणाले, एकदा मार्केट यार्ड बघून येतो, चाळीस वर्षं भाजी नेली तिथे. आता ते लोक बाहेर सोडत नाहीत. मग मी त्यांचा पायजमा आणि माकडटोपी घालून खाटेवर पडलो, आणि आप्पा माझी कॅप घालून गेटमधून बाहेर (वॉचमन म्हणाला, "काय भैरूशेठ!"). खाली माझा दोस्त चांद रिक्षा घेऊन उभाच होता.

वाटलं, सिस्टर आली की भॉक करू. हेमा सिस्टर आल्या. तोंडाकडे बघितलंच नाही. पायजम्यावरूनच डायपर गुंडाळलं (आप्पा संडासला स्वतः चालत जातात, आत्या!). शिरा भरवला. मग बँडेजने दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधले. मी ओरडलो, अहो सिस्टर, मी भैरू, बावीस वर्षांचा! तर म्हणतात कशा, "हो आजोबा, काल तुम्ही कलेक्टर होता." शिऱ्यात झोपेची गोळी कुटलेली. चार तास मी मेलो.

संध्याकाळी आप्पांनी येऊन सोडवलं. म्हणाले, रोजचंच आहे, शिरा तेवढा बरा असतो. मला हसूच येईना. सिस्टर काही डाकीण नाही, एकटी बाई आणि अठरा खाटा. पण फाईल बघितली, तर बांधायला नातेवाइकांची संमती आहे. सही तुमची, त्यांच्या लेकीची. लांब शेपटीवाली.

तुमचा,
भैरू

ता.क. एसटी चुकेल म्हणून तुम्ही न वाचता उभ्या उभ्या सही केली होती, मला माहीत आहे. सोबतच्या कागदावर सही करून ती संमती रद्द करा. ह्या वेळी बसून, वाचून.

ता.क. दुसरा. आप्पांच्या सात नंबरच्या खाटेवर उशीला माकडटोपी घालून ठेवलीये. आज सकाळी डोकावलो, तर चार्टवर लिहिलेलं : सात नंबर शांत, नाश्ता पूर्ण केला.

ता.क. शेवटचा. पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्यांनी आणून दिलं ते अजून दारातच उभे असतील, तुम्ही 'या' म्हटल्याशिवाय आत यायचे नाहीत. कॅप माझी आहे. तोंडाकडे बघा.