गेर्डाबाईच्या पुस्तकावरचं कुंकू

चँडलर,
अमेरिका, ८ नोव्हेंबर २००४

चि. आश्लेषास आजीचे पोटभर आशीर्वाद.

डॉक्टरने तुला बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलंय म्हणे. मग पड. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या अक्षराला नावं ठेवू नकोस.

इथे तुझ्या राजीवमामाच्या शेजारी गेर्डाबाई राहते. माझ्याच वयाची, नवरा गेलेला, मूळची जर्मनीतल्या काळ्या अरण्याच्या मुलखातली. तिला माझं कळत नाही, मला तिचं, त्यामुळे भांडण होत नाही. सकाळी दोघी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत फिरून येतो. दिवसभरात मला तेवढीच सोबत. तिच्या कपाटात कादंबऱ्याच कादंबऱ्या, सगळ्या तिच्या त्या अरण्यातल्या. मामाची प्रीता शाळेत जर्मन शिकते, म्हणून तिला एक वाचायला दिली. प्रीता रोज दुपारी एक प्रकरण मला मोडक्या मराठीत सांगते. बर्फ, काळीभोर झाडं, लाकूड कापायची गिरणी, आणि गिरणीवाल्याची म्हातारी आई सुनेला किल्ल्या देत नाही. एवढं बघायला जर्मनीला कशाला जायला हवं!

पण माझ्या हातून घोटाळा झालाय. पोथीला लावतो तसं वाचनाआधी मी पहिल्या पानाला हळदकुंकू लावलं. बोट ओलं होतं. नेमकं तिथेच गेर्डाबाईच्या आईने स्वतःचं नाव शाईने लिहिलेलं. आई कधीच गेली, अक्षर तेवढं उरलेलं. प्रीता किंचाळली आणि टिशूने पुसायला गेली. आता नावासकट अर्धं पान लाल. तुझी नंदामामी म्हणते, सॉस सांडला म्हणून सांगा. देवाचं कुंकू मी सॉस म्हणून खपवू? तीन दिवस फिरायला गेले नाही. गेर्डाबाई दारावरून जाते, खिडकीकडे बघते. मी पडद्याआड.

लोभ आहे तेवढा पुरे, वजन वाढव.

तुझी आजी

अल्फारेटा,
१३ नोव्हेंबर २००४

ती. आजीस, डाव्या कुशीवरून जमेल तसा नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की बाळाने लाथ मारली. आजी, सॉसचं अजिबात सांगू नकोस. माझा पहिला लॅपटॉप आठवतोय? पुण्याहून निघताना तू त्याला कुंकू लावलंस आणि मी एअरपोर्टपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तो डाग मी अजून पुसलेला नाही. टीममध्ये कोणी विचारलं तर सांगते, आमच्याकडे वस्तू वापरायच्या आधी तिचा मान राखतात. एवढंच गेर्डाआजींना सांग. रागावल्या तर रागावल्या. लपून बसणं तुला शोभत नाही.

आणि यार आजी, किल्ल्यांचं काय झालं? मी इथे छत बघत पडलेय!

अशीच मला रागवत राहा.

तुझी आश्लेषा

चँडलर,
२१ नोव्हेंबर २००४

चि. आश्लेषास आशीर्वाद. पडूनच वाचतेयस ना?

पुस्तक पदराखाली धरून गेले. प्रीता बोलायला सोबत. गेर्डाबाईने चष्मा लावला आणि पान बघत बसली. मी म्हटलं, संपलं. प्रीताने तुझं ते मानाचं सांगितलं. बाईने नाव जिथे होतं तिथे बोट फिरवलं. मग म्हणाली, तिची आई पाव कापायच्या आधी सुरीने त्यावर क्रूस काढायची, आणि ही लहान असताना त्यावरून आईला हसायची. डोळे पुसले तिने. मी नाही पुसले, मला चहा हवा होता.

किल्ल्या म्हातारीने शेवटी सुनेच्या एप्रनच्या खिशात गुपचूप टाकल्या. तोंडाने चकार शब्द नाही. शहाणी बाई.

काल सकाळी गेर्डाबाई आपणहून आली, तीन पुस्तकं घेऊन. तिन्हींची पहिली पानं उघडून माझ्यापुढे ठेवली आणि बोटाने जागा दाखवली, नावापासून चांगली चार बोटं लांब.

तुझ्या तिथल्या दुकानातून कुंकू पाठव. कोरडं. तिच्या कपाटात अजून चाळीसेक पुस्तकं आहेत आणि माझं परतीचं तिकीट मार्चचं.

जेवत जा.

तुझी आजी