रुपेरी ढग आणि न्हाणीचा धूर

१४ जून, शुक्रवार

पुन्हा आले ते! रात्री उठलो (या वयात उठावंच लागतं) आणि पाहतो तर तळ्यापलीकडे उत्तरेला पसरलेले. निळसर, रुपेरी. जाळ्यात ओढलेल्या चिंगळ्या माशांसारखे. खाली पान हलत नव्हतं, पण त्या ढगांवर लाटाच लाटा. साल्मेला हाक मारली. "म्हाताऱ्या, दार लाव, डास येतायत!" मग आलीच, शाल गुंडाळून. पायरीवर बसलो. तिने माझ्या खिशात हात घातला. घालतेच. लग्नाआधीपासूनची खोड.

कैरितला लगेच कळवावंसं वाटलं. नात आमची, टार्टू शहराजवळच्या वेधशाळेत हेच ढग बघायचं काम करते. साल्मे म्हणाली, "झोपू दे पोरीला. ढगांची बातमी तू तिला देणार?"

१५ जून, शनिवार

शनिवारची वाफेची न्हाणी छान तापली होती. अंग हलकं झालं. मन नाही.

सकाळी कैरितला फोन केला होता. वाटलं, खूश होईल. म्हणाली, "हो आजोबा, हल्ली फार दिसतात. तेच बरं नाही." सूर्य बुडाला तरी तेवढ्या उंचीवर त्याचा उजेड पोचतो, म्हणून ते चमकतात, हे तिने पूर्वीच सांगितलं होतं. आज पुढचं सांगितलं. माणसं जे धूर-वायू वर सोडतात त्याने खाली तापतं आणि वर, अगदी वर, गारठतं. ओलावाही वाढतो. त्याचा बर्फ होतो, तो चमकतो. अजून वाद चालतात म्हणे. तिला मात्र शंका उरलेली नाही.

मी सहावीत शाळा सोडलेला. माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला — धूर.

मग साल्मेने फोन ओढला आणि नेहमीचं विचारलं, तुझं आणि तानेलचं कधी, लग्नाला इतकी वर्षं झाली...   फोन ठेवून म्हणाली, "ती म्हणते, आजी, कसल्या जगात आणू लेकरू?"

१७ जून

झोप नाही.

साल्मेने माळ्यावरचा लाकडी टब खाली आणला. कैरितची आई या टबात पहिल्यांदा न्हाली, कैरितही. न्हाणीतच, ऊन ऊन पाण्यात. आता फळ्या वाळून भेगा पडल्यात, बोट जातं आत. "यात जिरेनियमची फुलं लावते," म्हणाली. मी म्हटलं, नको. "मग काय, त्याच्यात तू बसणार आहेस?"

टब परत वर ठेवला. दुपारी तो पुन्हा खाली!

१८ जून

न्हाणीकडे बघत बसलो होतो. आमच्या न्हाणीला धुराडं नाही, कोणाच्याच नसतं इथे. सकाळपासून दगड तापवायचे, दारातून धूर सोडायचा, मग आत जायचं. दर शनिवारी टेकडीभर धूर. माझ्या बापाचा धूर, आजाचा धूर, माझा. सगळा गेला कुठे? वरच ना?

शेजारच्या आक्सेलला विचारलं. त्याच्या पंचवीस गायी. म्हणाला, "टीव्हीवर सांगतात, माझ्या गायी पादतात तेही वर जातं. बूच मारू का एकेकीला?" हसत सुटला. आज त्याच्याकडचं दूध घेतलं नाही.

२१ जून

ठरवलं. उद्या न्हाणी पेटवायची नाही. उद्या कैरित-तानेल येणार, परवा भर उन्हाळ्यातल्या सणाची होळी. तिने बघावं — आजोबाने काहीतरी केलं. साल्मेला सांगितलेलं नाही. ओरडेल.

२२ जून, शनिवार

अरे देवा, काय दिवस!

साल्मे सकाळी बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधत होती, वाफेत अंगावर मारायच्या. "धूर का नाही रे?" मी म्हटलं, दगडाला चीर गेलीय. खोटं. कान तापले.

जेवणाच्या वेळेला आक्सेल आला, टोपी हातात घेऊन, चेहरा उतरलेला. मागे त्याची बायको, हातात काळी पाव-लादी. मला ओसरीत धडधाकट पाहिलं आणि आक्सेलने टोपी जमिनीवर आपटली. "मेला नाहीस होय रे! मग धूर कुठाय?"

तेव्हा लक्षात आलं. शनिवारी ज्या घराचा धूर दिसत नाही, त्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, नाहीतर गेलेलं. लहानपणापासून माहीत आहे मला हे! विसरलो कसा?

तेवढ्यात कैरित. खालच्या रस्त्यावरून धूर दिसला नाही म्हणून गाडी थांबायच्या आत उतरली, शेतातून पळत आली. पांढरीफटक. "आजी कुठाय? आजी!" साल्मे जुड्या घेऊन बाहेर आली. "काय झालं गं?"

मग सांगावं लागलं. सगळ्यांसमोर. आक्सेल हसून हसून खाली बसला. साल्मे म्हणाली, "पन्नास वर्षं या माणसाबरोबर काढली मी." कैरित ओंडक्यावर बसली. हसत होती की रडत होती, कळेना. "माझ्यासाठी न्हाणी बंद केलीस?"

म्हटलं, "तुझ्यासाठी असं नाही. तुझ्या त्या... जे येणार नाही म्हणतेस, त्याच्यासाठी."

आक्सेलने टोपी उचलून झटकली. 

मग कैरित म्हणाली, "आजोबा, मोठमोठ्या भट्ट्या आहेत रे त्यामागे, खाणी आहेत. तू तोडतोस त्याहून जास्त झाडं लावतोस. पेटव. उशीर झाला तरी चालेल."

पेटवली. न्हाणी व्हायला संध्याकाळ उलटली. कैरित अगदी खालच्या, कमी तापणाऱ्या फळीवर बसली आणि लवकर उठून गेली. मी घाईने फार तापवली असणार. धूरही राहिला असेल. डोकं दुखलं का तिचं? तानेलला विचारलं. म्हणाला, नाही हो, छान होती, आणि दुसरीकडे बघू लागला. झोपायला जाताना तिने रीतीप्रमाणे तापवणाऱ्याचे आभार मानले. गालाला काजळी लावून गेली माझ्या.

२३ जून

होळीवर सगळं गाव. मी गाळलेली बिअर कैरितने तोंडाला लावली नाही. आंबली की काय! स्वतः पिऊन पाहिली. आंबली नव्हती. दुसरा ग्लासही पिऊन पाहिला. साल्मेचं शहाजिरं घातलेलं चीज मात्र ती खात सुटली, मीठ लावून लावून.

होळी बसत आली तेव्हा वर ते ढग आले. गाणी थांबली. कैरित म्हणाली, "यांचा राग यायला हवा मला. येतच नाही."

साल्मे म्हणाली, "तुझी आई वर्षभर रात्री झोपू देत नव्हती. मलाही राग यायला हवा होता."

कैरितने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी होळीत लाकूड टाकायला निघालो होतो. थांबलो. मग टाकलंच.

३० जून

साल्मेने टबात माती भरली. जिरेनियम लावलं. मी बघितलं नाही.

६ जुलै

न्हाणी. आम्ही दोघंच. नेहमीप्रमाणे शेवटी बादलीत थोडं पाणी ठेवून आलो, गेलेल्यांसाठी. येणाऱ्यांसाठी ठेवायची रीत नाही आमच्यात.

१३ जुलै, शनिवार

सकाळी कैरितचा फोन. "आजोबा, तो टब गळतो का रे?" मी काही बोलायच्या आत साल्मेने जिरेनियम उपटून वाटेवरच फेकलं. टब घासला, तळ्यात बुडवला, वर न्हाणीतले दोन दगड ठेवले. फळ्या फुगायला हव्यात. फेब्रुवारीत लागेल, म्हणाली. तेव्हा तळं गोठलेलं असेल ना? पूर्वी असायचं.